आक्काची भूल उतरेना

"ह्या बायलेक भायर काढा," आक्का नर्सला म्हणाली. "ही कोण ती माका म्हायत नाय. माझ्या जावेक बोलवा."

तिची जाऊ मीच. लग्न होऊन लालबागच्या त्या खोलीत आले तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र आहोत. दोघींचे नवरे त्याच खोलीतून गेले, मुलं त्याच खोलीतून बाहेर पडली, आणि आम्ही उरलो. तिच्या एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली होती आणि दुसऱ्या धुरकट डोळ्याने ती माझ्याकडे चोरट्याकडे बघावं तशी बघत होती.

मला वाटलं मास्कमुळे असेल. मी मास्क खाली ओढला, तिच्या तोंडासमोर वाकले आणि ओठ नीट हलवून म्हटलं, "आक्का, मीच."

तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तिच्यासारी दिसतंस. पण ती तू नाय."

आणि हात वर नेऊन डोळ्यावरची वाटी उपटली. चिकटपट्टीबरोबर भुवईचे केसही आले. नर्सने तिचा हात धरला, मी दुसरा धरला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईत एवढी ताकद कुठून येते देव जाणे. ती नर्सच्या हाताला चावली. कवळी काढून ठेवली होती म्हणून हात वाचला. शेवटी त्यांनी तिची मनगटं पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधली, सैलच, पण बांधली. नुकताच कापलेला डोळा होता, चोळला असता तर गेलाच असता.

तिचा मुलगा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. मोठा माणूस आहे, डोंबिवलीला स्वतःचं घर आहे. मला म्हणाला, "काकी, आई अशी काय करतेय?"

"मला काय विचारतोस," मी म्हटलं. "मला तर तिने बाहेर काढलंय."

सकाळी ती चालत गेली होती आत. माझ्यासारख्या गिरगावात वाढलेल्या बायका साडीला पीन किती लावतात, ह्यावरून मला टोमणा मारून गेली होती. मोतीबिंदू काढायचा होता, दुसरं काही नाही. परळला अशी ऑपरेशनं रोज ढिगाने होतात. लोक सकाळी जातात आणि दुपारी घरी येऊन वरणभात खातात.

डोळा बिघडला ते आधी मला कळलं, तिला नाही. दुपारी जेवणं झाली की आम्ही साताठ खेळतो. दोघींचाच पत्त्यांचा खेळ आहे. एकीने आठ हात करायचे, दुसरीने सात. कमी पडली की पुढच्या डावात समोरची तिची पानं ओढते. आक्काच्या डोक्यात गेलेलं प्रत्येक पान असतं. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. मी निदान चौथीपर्यंत गेले, पण पत्त्यांत मी तिच्यापुढे कधी टिकले नाही. तर ती बदामावर चौकट टाकायला लागली. मला वाटलं लबाडी करतेय, ती तिची जुनी सवय. मी पान उचलून नाकासमोर धरलं तेव्हा म्हणाली, "लाल आसा ना? मगे झाला."

मग डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला.

आक्काला ऐकू येत नाही, हे इथे सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच झालं. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला होती. तिथे यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून बायका ओठांवर बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. गिरणी बंद झाली तोवर कान गेले होते, ओठ वाचायची सवय मात्र राहिली. त्यामुळे ती बहिरी आहे हे नवीन माणसाला पटकन कळत नाही. तोंड दिसलं की ती सगळं बोलते. कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं मुलाने. कानात माशी शिरल्यासारखी वाटते म्हणून तिने ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलंय.

डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, "नुसती डोळ्यापुरती भूल देऊ, आजी जाग्याच राहतील, आम्ही सांगू तसं करायचं." ते ठरलंही होतं. पण टेबलावर घेतल्यावर त्यांनी तोंडावर हिरवं कापड घातलं, डोळ्यापुरतं भोक असलेलं. आता बघा. ऐकू येत नाही. डोळा एक झाकलेला, दुसऱ्यावर दिवा. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कुणाचे ओठ दिसायचा प्रश्नच नाही. आक्काला वाटलं असेल, आपल्याला गुंडाळलं. ती कापडासकट उठून बसली.

आतून एकजण बाहेर आला, तिच्या मुलाशी बोलला. मुलगा म्हणाला, "मग झोपवूनच करा ना, कशाला तिला त्रास." त्याने सही केली. मीही तिथेच होते. मलाही बरंच वाटलं. झोपेल, उठेल, संपेल. झोपणं सोपं असतं असा आपला समज असतो.

झोपली. ऑपरेशन उत्तम झालं. उठली ती दुसरीच बाई.

दुसऱ्या दिवशी एक डॉक्टर डोकं तपासायला आला. मास्क लावूनच विचारायला लागला. मी म्हटलं, "तो मास्क खाली करा, तिला ओठ दिसले पाहिजेत." त्याने लगेच केला, कुरकुर नाही केली. विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"सोमवार," आक्का म्हणाली.

होता बुधवार. त्याने काहीतरी लिहिलं. आक्काला वार कॅलेंडरवरून कळत नाही, माशांवरून कळतो. सोमवारी आमच्याकडे मासळी नसते. इस्पितळात सकाळ-संध्याकाळ पडवळ आणि पातळ डाळ, म्हणजे तिच्या हिशेबाने रोजच सोमवार. मी त्याला ते सांगितलं तर तो हसला, म्हणाला, "बरोबर आहे की." मग त्याने शंभरातून सात वजा करायला सांगितले. आक्काने आयुष्यात शंभरातून सात कधी वजा केलेले नाहीत. ती म्हणाली, "तूच कर, तुका शिकवलंहा."

तो हसत गेला आणि मला उगाच बरं वाटलं. पण मग तिने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "गो बाय, माझी जाव खंय गेली? तिका सांगलात काय तुमी?"

घरी आणलं. घरात ती मला ओळखायला लागली, कधी ओळखायची, कधी नाही. सकाळी मी असायची, संध्याकाळी मी कुणी पाहुणी. चहात मीठ घालायची. पदर कुठल्या खांद्यावर घ्यायचा तिथे अडायची आणि अर्धी साडी हातात धरून उभी राहायची. डोळ्यात थेंब घालताना रोज झटापट. एक थेंब डोळ्यात, चार गालावर, मग माझ्या हातावर एक चापट. माझे गुडघे दुखतात, मला खाली बसलं की उठता येत नाही, आणि ही दिवसभर उठून दाराशी जायची. कुठे चाललीस विचारलं की तिलाही ठाऊक नसायचं. मला तिची दया वगैरे आली नाही. मी थकले होते. थकलेल्या माणसाला दया येत नाही, झोप येते.

थोडी सावरली म्हणून एका दुपारी मी पत्ते काढले. पानं वाटली. तिने हातात धरली, एकेक निरखली. "इस्पिक," म्हणाली. "किलवर. चौकट. बदाम." सगळी बरोबर. ऑपरेशन केलेल्या डोळ्याने तिला आता ठिपका न ठिपका दिसत होता. मग तिने ती सगळी पानं माझ्यासमोर उताणी ठेवली, रांगेत, आणि बघत बसली. खेळायचं काय असतं ते गेलं होतं. आधी दिसत नव्हतं तरी ती मला हरवत होती.

मी पत्ते गोळा केले. भांडी घासायला घेतली.

मुलगा दर रविवारी यायचा. एकदा आईसाठी केळी आणि माझ्यासाठी एक बातमी घेऊन आला. "काकी, बदलापूरला एक जागा आहे. म्हाताऱ्या माणसांना ठेवतात, नर्स वगैरे असते. घाई नाही. फक्त बघून येऊ."

"बघायला येते मी," मी म्हटलं. "राहायला तू जा."

"काकी, तुम्ही किती दिवस करणार? तुमचं वय काय?"

त्याचं चूक नव्हतं. त्याच्या घरी दोघं नोकरी करतात, दिवसभर कुलूप. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. नाही सुधारली तर बघू." म्हटलं खरं, आणि नंतर भाजी निवडताना वाटलं, दिवाळीला मी काय सांगणार आहे? ती गेली तर ह्या खोलीत मी एकटी. बिल्डरची माणसं जिन्यावर मोजमापं घेत फिरतात, अर्धा मजला आधीच रिकामा झालाय. आक्का मला कितीदा नकोशी झाली असेल, पण ती नाही अशी खोली मी पाहिलेली नव्हती.

पत्ते मी रोज काढत राहिले. दुसरं करणार काय. तिची पानंही मीच धरायची, दोन्ही बाजू मीच खेळायची, ती बघायची. मग ती पान टाकायला लागली, कुठलंही. मग रंगाला रंग टाकायला लागली. मधे पुन्हा सगळं विसरायची. एकदा मी इतकी पेंगले होते की तिने बदाम टाकला आणि माझ्या हातात बदाम असून मी किलवर टाकलं. दोन-तीन हात झाले. मी बदामाची राणी टाकली आणि माझ्या मनगटावर फटका बसला.

"बदाम होतो तुझ्याकडे! मघाशी किलवर टाकलंस!" आक्का ओरडली. आवाज तिचा तिला ऐकू येत नाही, त्यामुळे सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. "गिरगावकरीण ती गिरगावकरीण. लबाड मेली!"

मी पानं टाकून दिली आणि म्हटलं, "आक्का, मी कोण?"

"तू कोण म्हणजे? पिशी झालंस काय?"

त्या दिवशी मी तासभर झोपले.

दिवाळीला मुलाने बदलापूरचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

पण डावा डोळा होता ना. तो पिकतच होता. डॉक्टरीणबाईने तपासून सांगितलं, "फार थांबलात तर काढायला कठीण जाईल, आणि मग जास्त वेळ लागेल." मुलगा म्हणाला, "एका डोळ्याने दिसतंय ना, राहू दे." मला दोन्ही पटत होतं. मोतीबिंदू ठेवला तर डोळा जाणार, काढला तर परत ती मला बाहेर काढणार. पहिल्या वेळी परत आली, दुसऱ्या वेळी येईलच असं कोण लिहून देणार?

ह्या वेळी मी भुलीच्या डॉक्टरला भेटायचं म्हणून बसून राहिले. तरुण पोरगा होता, डोळ्यांखाली काळं, माझ्याइतकाच दमलेला दिसला. मी सरळ विचारलं, "तुमच्या भुलीने तिचं डोकं गेलं का?"

तो लगेच नाही म्हणाला नाही. खुर्ची ओढून बसला. "आजी, भुलीमुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. आणि नाही झालं असंही नाही. ह्या वयात पूर्ण भुलीनंतर काही जणांचं असं होतं. पण नुसती भूल नसते. ऐकू येत नाही, डोळा बांधलेला, जागा नवी, झोप मोडलेली, सगळं एकदम अंगावर येतं. नुसत्या डोळ्याच्या भुलीनंतरसुद्धा कुणीकुणी गोंधळतं. पण झोपवणं टाळता आलं तर मी टाळेन."

"मग टाळा."

"त्या उठून बसल्या होत्या. हातात हत्यार असताना उठल्या असत्या तर डोळा गेला असता. त्यांना 'हलू नका' हे सांगणार कसं? कान नाहीत, डोळे नाहीत."

मी मग म्हटलं, "पाय तुम्ही झाकता का?"

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण सांगते. आमच्या गॅलरीत वर्षानुवर्षं दुपारी मेंढीकोट चालायचा. चौघी बसायच्या, समोरासमोरच्या दोघी भिडू. आक्का आणि मी एक जोडी, कोपऱ्यातल्या खोलीतली मास्तरीण आणि तिची भिडू हवालदाराची बायको दुसरी जोडी. गॅलरी अरुंद, चटईवर गुडघ्याला गुडघे लागायचे. मास्तरीण शिकलेली, तिला वाटायचं ती हुशार म्हणून खेळते आणि आम्ही नशिबाने जिंकतो. साडीच्या निऱ्यांखाली माझ्या पायाचा अंगठा आक्काच्या पायाच्या अंगठ्यावर असायचा. दाबून धरला की "थांब, ते पान टाकू नको." दोनदा टोचला की "टाक." एवढंच. गिरणीत हात कामात असले की बायका अशाच पायाने एकमेकींना खुणा करायच्या, ते आक्काने मला शिकवलं. मास्तरीण शेवटपर्यंत नशिबाला दोष देत राहिली.

मी भुलीच्या डॉक्टरला पत्त्यांचं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मी पायाशी बसते. अंगठा दाबला की ती हलणार नाही."

"नक्की?"

"मेंढीकोटात नाही हलली कधी," माझ्या तोंडून गेलं. त्याला काही कळलं नाही. पण परवानगी त्याने काढून दिली.

घरी तयारी केली. चटईवर तिला आडवी झोपवलं, तोंडावर जुनं लुगडं घातलं. पहिल्यांदा लगेच ढकलून दिलं. दुसऱ्या दिवशी मी आधी पाय धरला, मग लुगडं घातलं. पडून राहिली. थोड्या वेळाने लुगड्याखालून आवाज आला, "माका मढ्यासारा वाटता. फुला आणलंस काय?"

मी अंगठा दाबून धरला. गप्प झाली. दोनदा टोचला. "हां," म्हणाली, आणि नाक खाजवलं. खोकला आला तर तिने काय करायचं हेही ठरवलं: डावा पाय हलवायचा. मधेच मला वाटलं, आपण दोघी काय करतोय ह्या वयात? शेजारच्या सुनेने दारातून डोकावून बघितलं आणि तशीच मागे फिरली. आता चाळीत सांगत सुटली असेल, की म्हाताऱ्यांनी मरायची तालीम सुरू केली.

ऑपरेशनच्या दिवशी मला हिरवा झगा दिला, दोन माझ्यासारख्या मावतील एवढा, आणि टोपी. स्टुलावर पायथ्याशी बसवलं. आक्काची बोटं गार होती. डोळ्याच्या बाजूला सुई दिली तेव्हा तिचा पाय ताठ झाला. मी दाबून धरलं. कापड घातलं. मला वाटलं, आता उठते. नाही उठली. डॉक्टरीणबाई म्हणायची, "हलू नका," मी दाबायची. "आता चालेल," की दोनदा टोचायची. मधेच डावा पाय हलला. मी हात वर केला, ओरडले, "खोकला!" डॉक्टरीणबाईने हात मागे घेतले. आक्का खोकली, पोटभर खोकली. मग मी परत दाबलं.

माझा हात बधिर झाला होता. जोर किती लावतेय ते मला कळेना. तेवढ्यात कापडाखालून ती ओरडली, "दाबतंस कित्याक इतक्या? हुकूम माझ्याचकडे आसा!"

कुणीतरी हसलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजींना म्हणावं बोलू नका, तोंड हललं की डोळा हलतो." मी आणखी दाबलं.

बाहेर खुर्चीवर बसवून आणली. मी मास्क काढला, तिच्यासमोर गेले, आणि खरं सांगते, तोंड उघडायची माझी हिंमत होईना. ती उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मुलगा मागे उभा होता.

"चाय होयी," आक्का म्हणाली. मग मला जवळ ये अशी खूण केली. मी वाकले. "मास्तरणीक सांगा नको हां अंगठ्याचा."

मास्तरीण जाऊन किती वर्षं झाली. तिच्या तेराव्याला आक्काने स्वतः वडे तळले होते. म्हटलं, गेलं परत. दोन्ही डोळे मिळाले आणि बाई गेली. मी ओठ हलवून सावकाश म्हटलं, "आक्का, मास्तरीण गेली ना गो."

"म्हायत आसा माका, मेली ती," आक्का म्हणाली. "तरी सांगा नको."

मुलगा चहा आणायला गेला. मी तिथेच बाकावर बसले, आणि कुणी उठवेपर्यंत उठले नाही.

ती अगदी पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. पहिल्या भुलीत काहीतरी राहिलं ते राहिलंच. हुकूम कुठला ते डावात दोनदा विचारते. दूध गॅसवर ठेवून विसरते, म्हणून आता दूध मी तापवते. पण दुपारी पत्ते तीच काढते, आणि बदामाला बदाम टाकते, आणि लबाडी पकडते, माझीच. तिची मी पकडायची सोडून दिलीय.

हवालदाराची बायकोही गेली, गेल्या पावसात, म्हणून अंगठ्याचं हे सांगितलं. त्या चटईवरच्या चौघींपैकी आता आम्ही दोघी जिवंत आहोत.